अर्धी टाकी

आमच्या गावात पाणी वाचवायचं म्हणजे भरून ठेवायचं. दुसरा अर्थ आम्हाला कुणी शिकवलाच नाही. नळाला कधी तिसऱ्या दिवशी पाणी, कधी पाचव्या, आणि आलं की घरात जी पळापळ सुटायची ती काय सांगू! पिंप, हंडे, बादल्या तर झाल्याच. पण माझी आई कुकर भरायची, जेवणाचे डबे भरायची, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेले काचेचे पेलेसुद्धा भरून ओट्यावर ओळीनं मांडायची. नळ गेल्यावर एखादी वाटी जरी रिकामी सापडली तरी दोन दिवस ऐकवायची. गुलमंडीजवळच्या त्या दोन खोल्यांत मी लहानाची मोठी झाले. रिकामं भांडं दिसलं की माझा हात अजूनही आपोआप नळाकडं जातो.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं त्यात तुम्ही मला अगदीच बावळट समजणार नाही. बावळटपणा झालाच, पण त्याला घरचं वळण होतं.

चिकलठाण्याच्या विमानतळावर मी एका विमान कंपनीत कामाला होते. आकाशातलं काम नाही, जमिनीवरचं. सकाळी मुंबईहून एक विमान यायचं आणि पाऊण तासात परत जायचं. संध्याकाळी आणखी एक. त्या पाऊण तासात प्रवासी उतरवायचे, आतला कचरा काढायचा, पाणी भरायचं, नवे प्रवासी बसवायचे, आणि हे सगळं झालं असा एक कागद भरून सही करायची. ती सही माझी. वर्ष होत आलं होतं तरी मला कायम केलेलं नव्हतं. साहेब म्हणायचे, दिवाळीपर्यंत होऊन जाईल. वडील गेलेले, धाकटी बहीण कॉलेजात, घरात कमावणारी मी एकटी. दिवाळीची वाट मी कशी बघत होते ते माझं मला माहीत.

पाण्याची गाडी एक चाचा चालवायचे. साठी उलटलेली, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी. ते कंपनीचे नव्हते, कंत्राटदाराचे होते. आधी कितीतरी वर्षं पाण्याच्या टँकरवर होते. कंबर गेली आणि टँकर सुटला, तेव्हा कुणीतरी दया येऊन त्यांना ही छोटी गाडी दिली. ही पण गेली असती तर या वयात त्यांना दारात कुणी उभं केलं नसतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

गाडी म्हणजे चाकावरची टाकी, एक पंप, एक लांब पाइप, आणि आतलं पाणी दिसावं म्हणून बाजूला उभी काचेची नळी. विमानाच्या शेपटीखाली एक झाकण असतं. ते उघडायचं, पाइप जोडायचा, पंप चालू. विमानाची टाकी पूर्ण भरली की शेजारच्या भोकातून पाणी खाली पडायला लागतं, मग बंद करायचं. बाकीचे लोक ते पाणी सांडू द्यायचे. चाचा खाली बादली लावायचे आणि ती कुंपणाकडच्या झाडांना नेऊन ओतायचे. मला ते फार आवडायचं. मनात म्हणायचे, माणूस बघा आमच्या गावचा!

मग एक दिवस कंपनीचा हुकूम आला. पाणी आणि कचरा दोन्ही वाचवायचे. कचऱ्याचं काही अवघड गेलं नाही. सफाईच्या बाया आधीच हुशार. न उघडलेल्या बाटल्या वेगळ्या, वर्तमानपत्रं वेगळी, उरलेलं खाणं वेगळं, आणि अर्धवट प्यालेल्या बाटल्यांतलं पाणी एका पिंपात, फरशी पुसायला. त्यातल्या थोरल्या मावशी हुकूम ऐकून म्हणाल्या, "ह्याच्यात नवं काय हाय? आमी रोजच करताव की. तुमच्या सायबाला आज कळलं व्हय?"

पाण्याचा हुकूम मात्र उलटाच होता. मुंबईची फेरी लहान आहे, सबब विमानाची टाकी अर्धीच भरावी. अर्धी! मी कागद दोनदा वाचला. साहेब म्हणाले, "एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वजन जास्त की इंधन जास्त. लागतं तेवढंच न्यायचं." डोक्याला पटलं, पण माझ्या आईनं पेले भरताना हा कागद बघितला असता तर ती साहेबांच्या घरी जाऊन भांडली असती.

मी धावता धावता चाचांना म्हणाले, "चाचा, उद्यापासून टाकी अर्धीच हं."

"हौ बेटी," चाचा म्हणाले.

झालं. आमचं पाणी वाचवणं एवढ्यावर आटोपलं. दुसऱ्या दिवसापासून मी कागदावर 'अर्धी' लिहायला लागले आणि सही ठोकायला लागले. टाकीत किती पाणी आहे ते दाखवणारा काटा विमानात अगदी मागं असतो, जिथं चहा-नाश्ता ठेवतात तिथं. मी असायचे पुढच्या दारात, हातात कागद, कानाला वॉकीटॉकी. तीस पावलं मागं जाऊन काटा बघायला मला जेमतेम एक मिनिट लागलं असतं. महिनाभरात एकदाही गेले नाही.

एका सकाळी विमान गेल्यावर साहेबांनी बोलावलं. साहेब नागपूरकडचे, कधी आवाज चढवायचे नाहीत, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. समोर माझे महिन्याभराचे कागद पसरलेले.

"ही सही तुमची?"

"हो सर."

"यावर रोज अर्धी लिहिलंय. मुंबईत उतरल्यावर काटा रोज पाऊणच्या वर असतो. म्हणजे इथून भरून जाते. रात्री तिकडं टाकी धुतात तेव्हा उरलेलं सगळं पाणी गटारात सोडून देतात. आता मला सांगा, खोटं कोण बोलतंय? काटा का तुम्ही?"

माझ्या तोंडून शब्द कसे निघाले ते बघा. क्षणाचाही विचार न करता मी म्हणाले, "सर, ते चाचा ऐकतच नाहीत. मी सांगितलं होतं."

साहेबांनी मान हलवली. "परवा मुंबईहून तपासायला माणूस येतोय. त्याच्या आधी कंत्राटदाराला सांगून दुसरा माणूस घेतो."

मी बाहेर आले. खरं सांगते, पहिल्यांदा हुश्श वाटलं. सुटले बाई! आणि दहा पावलं गेले नसेन, तर स्वतःचीच इतकी किळस आली की जिन्यावर थांबावं लागलं. पण माझा स्वभाव असा, की लाज वाटली की मी आधी चिडते. कुणावर? तर समोर सापडेल त्याच्यावर. तशीच तणतणत चाचांकडं गेले. ते पाइप गुंडाळत होते.

"काय चाचा, अर्धी म्हणजे अर्धी कळत नाही का तुम्हाला? महिना झाला सांगून! तुमच्यामुळं माझी मान खाली गेली ना!"

चाचांनी पाइप खाली ठेवला. "अर्धी कैसी समजेगी, बेटी? ये टाकी बोलती कब? पूरी भरी तब बोलती, पानी गिरा के. उसके पहले तो गूंगी है."

खरंच की! खालून बघणाऱ्याला टाकी भरली एवढंच कळतं. अर्धी झाली हे सांगणारा काटा वर, विमानाच्या आत. चाचांना वर जायची परवानगी नाही. मी वर, पण माझं लक्ष नाही. म्हणजे या माणसाला जे दिसणं शक्यच नव्हतं ते करायला मी महिनाभर सांगत होते, आणि झालं म्हणून सही करत होते.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम दौडमें थे," चाचा म्हणाले. मग जरा ओशाळून, "और सच्ची बोलूं? हाथ बी नहीं मानता. जानेवाले का बर्तन आधा कैसे भेजना? मैंने बोला, जाने दो, थोडा जास्ती गया तो किसीके काम आयेगा."

"कुणाच्या कामी येत नाही, चाचा. तिकडं रात्री गटारात सोडून देतात."

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. "गटारमें?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ते गाडीच्या पायरीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिच्याकडं बघत म्हणाले, "या अल्ला. मेरेकू किसीने बोला नहीं." त्यांच्या नोकरीवर गदा आली आहे हे मी अजून सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. गटाराच्या बातमीनं ते जेवढे खचले होते तेवढे या बातमीनं खचलेले दिसले नाहीत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, यावेळी योग्य माणसाचा, माझा स्वतःचा. उलट्या पावली साहेबांकडं गेले. दारात उभी राहूनच सांगून टाकलं, बसले असते तर धीर गेला असता.

"सर, मघाशी मी खोटं बोलले. काटा मी कधी बघितलाच नाही. न बघता सह्या केल्या, सगळ्या. आणि अर्धी कशी ओळखायची हे चाचांना कुणीच सांगितलेलं नाही. खालून ते कळतच नाही."

साहेबांनी माझे कागद गोळा करून एकावर एक रचले. मी मनातल्या मनात बहिणीला कॉलेजातून काढलं, आईला काय सांगायचं ते ठरवलं, शिकवण्या घेईन म्हटलं.

"हे सांगायला परत का आलात?" त्यांनी विचारलं.

"राहवलं नाही, सर."

त्यांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. परवा टाकी अर्धी दाखवा. नेमकी अर्धी. जास्त गेली तर तुम्ही दोघंही काम नीट करत नाही असं लिहिलं जाईल. आणि वाटेत पाणी कमी पडून प्रवाशांची तक्रार आली, तर आणखी वाईट. मग तुमच्यासाठीही मला काही करता येणार नाही आणि त्यांच्यासाठीही."

म्हणजे दोन दिवस मिळाले. काम दोघांचंही टांगणीला, पण दोन दिवस होते.

संध्याकाळच्या विमानाला मी पुढचं दार सहकाऱ्याच्या गळ्यात मारलं आणि मागं काट्यासमोर जाऊन उभी राहिले. चाचांची गाडी खाली, नेहमीसारखी काठोकाठ भरून आणलेली. मुंबईहून विमान यायचं ते टाकी जवळजवळ रिकामी घेऊनच, त्यामुळं काटा तळाशी होता. पंप सुरू झाला. काटा हलेना. मग हलला, पाव झाला, आणि हळूहळू सरकत अर्ध्यावर आला. मी मागच्या दारातून रुमाल हलवला, चाचांनी पंप बंद केला. धावत खाली गेले. गाडीच्या काचेच्या नळीत पाणी जिथवर उतरलं होतं तिथं खूण करायची होती. खडू नाही, पेन काचेवर उठेना, आणि विमानाचा आवाज असा की काही मागावं तर कुणाला ऐकू जाईना. शेवटी कपाळावरची टिकली काढली आणि नळीवर चिकटवली. गाडी भरून आणायची आणि पाणी टिकलीपर्यंत उतरलं की थांबायचं. एवढं सोपं!

चाचा टिकलीकडं वाकून बघत राहिले. म्हणाले, "वा बेटी! बुढापेमें गाडी का शादी लगा दी तुमने."

"मग! आता नीट सांभाळा नवरीला."

किती दिवसांनी हसलो दोघं. दुसऱ्या दिवशी दोन्ही फेऱ्यांना मी वर जाऊन काटा बघितला. अर्धी, दोन्ही वेळा. टिकली उन्हानं पडू नये म्हणून सफाईच्या मावशींनी वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली.

तपासणीचा दिवस उजाडला आणि विमानतळावर बघते तर ही गर्दी! अजिंठा बघायला आलेली यात्रेकरूंची मोठी टोळी, बहुतेक म्हातारीकोतारी माणसं. लेण्यांजवळच्या फर्दापूरला मुक्कामाला होती, विमान चुकू नये म्हणून पहाटे चारला बसमध्ये घालून आणलेली. तोंड धुवायला वेळ मिळाला नाही, चहा नाही, आणि इथं आल्या आल्या थेट विमानात चढायची वेळ. मावशी माझ्या कानाशी लागल्या, "म्याडम, लई पाणी लागंल बरं का आज. समदे बिनधुतल्या तोंडाचे हायती. आत गेले की रांग लावत्यात बघा."

मुंबईचा तपासणारा माणूस काट्यासमोर वही घेऊन उभा. मी मागच्या दारातून खाली बघितलं. चाचांनीही विमानात चढणाऱ्यांची रांग बघितली होती. पंपावर हात ठेवून ते माझ्याकडं बघत होते, आणि काय विचारताहेत ते मला कळत होतं. थोडं जास्त सोडू? माझी आई माझ्या जागी असती तर हो म्हणाली असती. मी मान हलवली, नाही.

पाणी टिकलीला टेकलं. चाचांनी पुन्हा एकदा वर माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी पंप बंद केला. काटा अर्ध्यावर. मुंबईचा माणूस वहीत लिहून "गुड" म्हणाला, नेमकी अर्धी कशी भरली ते विचारून टिकलीची युक्ती ऐकली आणि जागेवर जाऊन बसला, कारण त्याला याच विमानानं परत जायचं होतं. दारं लागली, विमान गेलं.

पाऊण तासात ते मुंबईला उतरायला हवं होतं. उतरलं नाही. मुंबईला विमानांची गर्दी, वरच घिरट्या घाला म्हणाले. अर्धा तास झाला, मग एक तास. साहेबांच्या केबिनबाहेर मी येरझाऱ्या घालत होते. डोळ्यांसमोर ती म्हातारी माणसं. कुणी साबण लावून बसलंय आणि नळ कोरडा. कुणाला औषध घ्यायचंय. पाणी संपलं असणारच. तक्रार येणार, आणि आमचं दोघांचं गाठोडं बांधलं जाणार. नोकरीपेक्षाही, त्या म्हाताऱ्यांना आपण अर्ध्या पाण्यावर पाठवलं, हे मला सारखं टोचत होतं. चार लिटर जास्त सोडलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं का?

शेवटी फोन वाजला, तशी मी आत धावले. साहेब ऐकत होते, मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

"उतरलं! पाव टाकी शिल्लक आहे. कुठलीच तक्रार नाही. तो माणूस म्हणतोय, ती टिकलीची युक्ती बाकीच्या गावांनाही सांगा."

मी खुर्चीत बसले की खुर्चीनं मला धरलं, देव जाणे. हसू येत होतं, रडू येत होतं. साहेब म्हणाले, तुम्ही दोघंही कामावर आहात, आणि तुमचे कायमचे कागद मी या आठवड्यात पाठवतो. मी थँक यू म्हणाले का नाही तेही आठवत नाही. पळाले ती थेट कुंपणाकडं.

चाचा गाडीच्या पायरीवर बसले होते. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला बघून उठून उभे राहिले.

"पुरलं, चाचा! पाव टाकी उरली!"

त्यांचा विश्वास बसेना. "सबकू मिला?"

"सगळ्यांना."

"आखरीवाले कू बी? जो सबसे पीछे खडा था लाइनमें?"

"पाणी उरलंय म्हणजे त्यालाही मिळालंच ना, चाचा."

त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि परत खाली बसले. दाढी ओली झाली होती. "इत्ते साल टँकर चलाया, बेटी," ते म्हणाले. "आखरी घर कू कब्बी नहीं मिला. एक बार बी नहीं."

काम राहिलं का गेलं हे त्यांनी विचारलंच नाही. मी आनंदानं ते सांगायला धावत आले होते, पण तेव्हा सांगणं झालं नाही. त्यांच्याशेजारी पायरीवर बसले, आणि संध्याकाळचं विमान यायची वेळ झाली तेव्हा सांगितलं.